हौदा, पाटे आणि पंप

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर मालवाहतुकीचा जो इतिहास कोणत्याही दफ्तरात सलग नोंदलेला नाही, तो आपल्या डोळ्यांसमोरून चाकांवर बसून जाताना दिसतो. नऊ फुटी हौद्याची कोरी पांढरी पिकअप क्रेटांची उतरंड दोराने करकचून बांधून पुढे निघून जाते, आणि तिच्यामागून, दारांचा मूळ रंग ओळखू येऊ नये इतकी वापरलेली, पण एंजिनाचा ठोका शाबूत असलेली पंचवीस वर्षांपूर्वीची तिचीच पूर्वज तोच माल, त्याच वावराशेजारून घेऊन येते. या दोघींपैकी कामाची कोणती, हा प्रश्न शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी निगडित असल्यामुळे त्याचे उत्तर ममत्वाने न देता कामाच्या कसोटीवर दिले पाहिजे.

ज्या जीपच्या वंशात आपल्याकडील पिकअपची एक मुख्य शाखा जन्मली, ती जीप अमेरिकन सैन्याच्या दप्तरी पाव टनाचा ट्रक म्हणून नोंदलेली होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिची जुळणी आरंभली, आणि पुढे तिचाच सांगाडा लांबवून, मागे लोखंडी हौदा चढवून शेतमालाची गाडी सिद्ध झाली. दुसरी शाखा टेम्पोची. 1958 साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोची तीनचाकी आणि पुढे आकुर्डीची मॅटाडोर यांनी गावोगाव असा जम बसवला, की एका जर्मन कारखान्याचे नाव मराठीत छोट्या मालगाडीचे सामान्यनाम होऊन बसले; आजही दुसऱ्याच कंपनीची गाडी दारात उभी असताना माणूस ‘टेम्पो आला’ असेच म्हणतो. 2005 साली आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले, तेही अशाच आपुलकीने.

पिकअपच्या मूळ मुलखात मात्र या वाहनाची वाट निराळी झाली. फोर्डने 1925 साली मॉडेल टीवर कारखान्यातच हौदा बसवून ती गाडी 281 डॉलरना विकली, तेव्हा दोन माणसांची बैठक आणि मागे ओझे एवढाच तिचा आशय होता; आज तिथे चार दारांची, गुबगुबीत आसनांची आणि साडेपाच फुटी हौद्याची पिकअप सर्रास दिसते, म्हणजे माणसांची खोली वाढली आणि मालाची जागा आक्रसली. आपल्याकडे नेमके उलट घडले. बोलेरो पिकअपची एक मोठी आवृत्ती 1700 किलो वाहते, म्हणजे वीस किलो टोमॅटो भरलेले क्रेट, क्रेटचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले तर, पंचाऐंशी. पाव टनाच्या पूर्वजापासून ही मजल सामान्य नव्हे, आणि ती मारताना गाडीने आपला हौदा दिवाणखान्याला दिला नाही, याचे मला मनापासून समाधान वाटते.

कसारा घाट ज्यांनी जुन्या गाडीने, भरल्या ओझ्यानिशी उतरला आहे, त्यांना नव्या गाडीची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या चाकाला वळणावर दोन्ही खांद्यांचा जोर द्यायचा, ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून दुसऱ्या गिअरात एंजिनाच्या आधाराने उतरत राहायचे, आणि पायाखालचा पेडल जरा जास्त खाली गेला की पोटात खड्डा पडायचा, ही त्या काळची रोजची रीत. टर्बो बसवलेले आजचे एंजिन चढावर दम टाकत नाही, ब्रेकला पायाचा थोडा जोर पुरतो, आणि वाशीला माल उतरवून रातोरात परत फिरणाऱ्या ड्रायव्हरची कंबर सकाळी जाग्यावर असते. माणसाच्या शरीराची ही जी राखण झाली, तिच्यापुढे जुन्या गाडीचे गुणगान मला अपुरे वाटते.

तथापि जुन्या गाडीच्या पदरी एक गुण होता, आणि तो ज्याने पाहिला त्याला विसरता येत नाही. वाटेत डिझेल संपले, किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरली, की ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणत ड्रायव्हर खाली उतरे. बॉनेट उघडून फिल्टरवरचा बोल्ट पान्याने अर्धा फेरा सैल करी, आणि अंगठ्याने हातपंप दाबू लागे. प्रथम फेस येई, मग फेसातून एकेक बुडबुडा फुटे, आणि जेव्हा बोल्टाच्या कडेने डिझेलची अखंड, नितळ धार उतरू लागे, तेव्हा तो बोल्ट आवळून, फडक्याला हात पुसून चावी फिरवी. दहा मिनिटांचा मामला. साधन एक पाना, आणि ज्ञान दुसऱ्या ड्रायव्हरकडून बघून मिळालेले. बॅटरी बसली तर चार माणसांच्या धक्क्यानेही एंजिन सुरू होई, कारण डिझेलचा पंप सर्वस्वी यांत्रिक होता. तालुक्याचा मिस्त्री दोन दिवसांत एंजिन उघडून, रिंगा बदलून पुन्हा बांधून देई.

आजच्या कॉमन रेल एंजिनात डिझेल हजाराहून अधिक बारच्या दाबाने फवारले जाते आणि केव्हा, किती फवारायचे याचा हुकूम संगणक देतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनी धुराची काजळी अडवणारी गाळणी आणि अनेक गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी आणली. शहराच्या आणि गावाच्या हवेसाठी हे आवश्यकच होते. काळा धूर ओकणाऱ्या गाडीमागे दुचाकीवर बसलेल्या माणसाला विचारावे. परंतु ही काजळी जाळून टाकायला गाडी काही काळ सलग, तापल्या एंजिनाने धावावी लागते. वावर ते बाजार असा तीन-चार किलोमीटरांचा फेरा आणि मग रांगेत तास-दोन तास थांबत थांबत सरकणे, एवढीच जिची दिनचर्या, तिची गाळणी तुंबते, फलकावर दिवा लागतो, आणि पुढे गाडी आपली ताकद आपणच आखडून घेते. त्या वेळी पाना निरुपयोगी. स्कॅनर जोडणारा माणूस हवा, आणि तो बहुधा जिल्ह्याच्या गावी. पिकलेला टोमॅटो तोवर थांबत नाही. ओझे, वेग आणि सुरक्षितता यांत नवी गाडी निःसंशय सरस आहे. माझी तक्रार एवढीच, की तिच्या दुरुस्तीची विद्या तालुक्याच्या मिस्त्रीपर्यंत पोचवण्याची तजवीज गाडी विकण्याच्या तत्परतेने झालेली नाही. स्कॅनर आणि त्याचे शिक्षण त्याच्या शेडमध्ये आले, तर तो ते आत्मसात करील याविषयी मला तिळमात्र शंका नाही. डिझेलचा पंपही कधी काळी त्याला अपरिचितच होता.

हौद्याखाली मात्र दोन्ही पिढ्या अजून एक आहेत. मागच्या आसावर एकावर एक रचलेले पोलादी पाटे नव्या गाडीलाही आहेत, आणि रिकामी असताना तीही तशीच उडते. महामार्गाच्या कडेला पाट्यांच्या एका दुकानात मी सहज थांबलो, तेव्हा जॅकवर चढवलेली गाडी वर्षाचीही झालेली नव्हती. खडीच्या रस्त्यावर तिचा मेन पाटा तुटला होता. कारागिराने पाट्यांची चळत शिकंजात दाबली, नवा सेंटर बोल्ट घालून आवळला, त्याचे वर आलेले टोक करवतीने उडवले आणि यू-बोल्ट चढवून मालकाला बजावले, की पहिला माल टाकून आलात की परत या, हे पुन्हा आवळावे लागतील. मालकाने मान डोलावली आणि खाली पाडलेला फाळका उचलून त्याच्या दोन्ही कड्या अडकवल्या.