कंपवात : पाय चालतात, पण लक्ष कोण पुरवतो?

जिना न अडखळता चढणारा कंपवाताचा रुग्ण सपाट फरशीवर, दारापाशी, मात्र एकाएकी थिजतो. घरच्यांना तो हट्ट वाटतो. वास्तविक पायरीची प्रत्येक कड पाऊल कोठे टाकायचे हे डोळ्यांना सांगत असते; सपाट जमीन काहीच सांगत नाही.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी अबाधित राहते असे त्यांनी नोंदवले होते. आज हे मत पूर्णपणे टिकत नाही. मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्या की पहिला मोठा फटका सवयीने होणाऱ्या हालचालींना बसतो. चालणे, सदऱ्याची बटणे लावणे ही कामे निरोगी माणूस नकळत करतो; रुग्णाला ती लक्षपूर्वक करावी लागतात. त्यातच डोपामीनच्या अभावाने अवधानाची क्षमताही क्षीण झालेली असते. तुटपुंज्या मिळकतीवर दुसऱ्या घराचाही खर्च यावा, तशी ही अवस्था. अशा वेळी चालता चालता कोणी ‘औषध घेतलेत का?’ एवढे विचारले तरी तोल जाऊ शकतो.

सघन पुनर्वसनाचे मर्म येथेच आहे. इटलीतील जुझेप्पे फ्राझ्झित्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात राहून करावयाचा चार आठवड्यांचा कार्यक्रम विकसित केला. त्यात ट्रेडमिलवर चालताना समोर दिसणाऱ्या खुणांशी आणि कानी पडणाऱ्या ठेक्याशी पाऊल जुळवावे लागते. ‘एलएसव्हीटी बिग’ या अमेरिकेत घडलेल्या पद्धतीतही चार आठवड्यांत तासाभराची सोळा सत्रे असतात. प्रत्येक हालचाल जाणीवपूर्वक मोठी करावयाची. यांत नुसते हातपाय हलवणे नाही, तर प्रत्येक पावलाला लक्ष्य आहे, चूक झाली की ती तत्काळ कळते. म्हणजे शरीराबरोबर अवधानाचाही सराव होतो. शिवाय चालणे सुकर झाले की त्यात गुंतलेले लक्ष काही अंशी मोकळे होते.

पुराव्यांबाबत मात्र तारतम्य हवे. अवधान आणि नियोजनक्षमता सुधारल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. पण ही सुधारणा मध्यम आहे, सर्वांत सारखी नाही आणि सराव थांबला की ओसरू शकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्क्स’ या अमेरिकी चाचणीत १२८ रुग्ण होते. हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणारा ट्रेडमिलचा व्यायाम करणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत फारशी बळावली नाहीत. परंतु तेथे मुख्यतः हालचालींची लक्षणे मोजली होती आणि रुग्ण आजाराच्या आरंभीच्या टप्प्यातील होते. त्यावरून अवधानाविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

व्यायाम लेव्होडोपाची जागा घेत नाही. उलट औषधाचा प्रभाव असतानाच तो करणे सोयीचे आणि सुरक्षित. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घरच्यांच्या हाती असलेले काम तर अगदी साधे आहे : माणूस चालत असताना त्याला प्रश्न विचारू नये, आणि थिजला तर ओढू नये. थांबू द्यावे, मग ‘एक, दोन’ असा ठेका धरावा किंवा जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला सांगावे.