तिसरीचा आठवडा: वर्गात काय चालते, घरी काय करावे

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२०च्या दप्तर धोरणात गृहपाठाबद्दल नेमकी सूचना आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा. म्हणजे धोरणाच्या हिशेबाने गृहपाठ सुरू होतो तो तिसरीत, आणि त्याचे माप दिवसाचे नसून आठवड्याचे आहे. घरोघरी मात्र रोज संध्याकाळी एकच प्रश्न असतो, "आज काय दिलंय?" त्या प्रश्नाचे उत्तर नीट समजायचे, तर वर्गातला आठवडा कसा चालतो ते आधी पाहायला हवे.

वर्गातली मांडणी

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. दिवसाला सरासरी चार तास. मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीला मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास हे मुख्य विषय. जोडीला कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. बाई किंवा गुरुजी वर्षाच्या सुरुवातीला वार्षिक नियोजन करतात, त्यातून घटकांचे नियोजन निघते आणि रोजच्या तासिकांचे टाचण लिहिले जाते. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. चौथीला शिकवणे चालू असताना तिसरीची मुले स्वतःचा स्वाध्याय सोडवत बसतात, म्हणून तिथे टाचणाला आणखी महत्त्व येते.

एखादा घटक आठवडाभरात साधारण चार टप्प्यांनी पुढे जातो: ओळख, सगळ्यांनी मिळून सराव, एकट्याने सराव आणि पडताळणी. गृहपाठाची जागा तिसऱ्या टप्प्यात आहे. वर्गात न शिकवलेले घरी शिकून यावे, असा त्याचा हेतू नसतो.

एका वजाबाकीची गोष्ट

हातच्याची वजाबाकी घ्या: ४३२ वजा १५७. सोमवारी बाई काड्या काढतात. शंभराचे चार गठ्ठे, दहाचे तीन आणि दोन सुट्ट्या. दोन सुट्ट्यांतून सात देता येत नाहीत, म्हणून दहाचा एक गठ्ठा सोडायचा. आता सुट्ट्या झाल्या बारा आणि दहाचे गठ्ठे उरले दोन. त्यांतून पाच जात नाहीत, म्हणून शंभराचा एक गठ्ठा सोडायचा. हे मुलांनी हाताने केले की मंगळवारी तेच फळ्यावर अंकांत येते, बुधवारी मुले वहीत एकेकटी सोडवतात आणि त्या दिवशी चार-पाच उदाहरणे घरी दिली जातात. बरोबर उत्तर २७५.

आता दोन मुलांच्या वह्या पाहू. एकाने ३२५ लिहिले. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: सातातून दोन, पाचातून तीन, चारातून एक. म्हणजे हातचा का घ्यायचा, हेच त्याला उमगलेले नाही. दुसऱ्याने ३८५ लिहिले. त्याने हातचा घेतला, पण ज्या घरातून घेतला तिथला एक कमी केला नाही. पहिल्याला पुन्हा काड्यांकडे न्यावे लागेल. दुसऱ्याला फक्त हातचा घेतल्यावर वरचा अंक खोडून एक कमी लिहिण्याची सवय लावायची आहे.

घरी आईने दोन्ही उत्तरे खोडून २७५ लिहून घेतले, तर गुरुवारी बाईंच्या हाती दोन बिनचूक वह्या येतील आणि कोणाला काय अडले आहे ते कळणार नाही. गृहपाठातली चूक शिक्षकांपर्यंत जशीच्या तशी पोहोचायला हवी, ती याचसाठी.

भाषा आणि परिसर

मराठीत आठवडा प्रकट वाचनाने सुरू होतो. नवीन शब्द आणि जोडाक्षरे फळ्यावर येतात, मग धड्यावर प्रश्नोत्तरे, मग मुलांचे स्वतःचे चार-पाच वाक्यांचे लेखन आणि आठवड्याच्या शेवटाकडे श्रुतलेखन. तिसरीअखेर मुलाला वयाला साजेसा, आधी न पाहिलेला मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने समजून वाचता यावा, असे २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. यासाठी घरी घड्याळ लावू नका. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचणे आणि "पुढे काय होईल असं वाटतं?" एवढे विचारणे, हे दहा ओळींच्या अनुलेखनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

परिसर अभ्यासाचा खरा गृहपाठ बहुधा वहीबाहेर असतो. घरात पाणी कुठून येते, आजी लहान असताना गावात बाजार कुठे भरायचा, आपल्या जिल्ह्यात कोणती पिके होतात? ही माहिती मुलाने विचारून आणायची असते. ती छापील निबंधातून उतरवून दिली की त्या कामातला शिकण्याचा भागच निघून जातो.

मूल्यमापन

महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सत्राअखेरीच्या संकलित मूल्यमापनाबरोबर वर्षभर आकारिक मूल्यमापन चालते. त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्याय अशी साधने येतात. मूल वर्गात काय बोलते, कसे सोडवते, याचीही नोंद होते. घरून कोणी करून दिलेला देखणा प्रकल्प तिथे टिकत नाही.

घरचे दोन तास

दोन तासांची वाटणी सोपी आहे. सोमवार ते शुक्रवार रोज वीस मिनिटे: दहा वाचनाची आणि दहा गणिताची किंवा लेखनाची. पाच दिवसांची शंभर मिनिटे झाली. उरलेली वीस मिनिटे सुट्टीच्या दिवशी परिसरातले काही विचारायला, मोजायला, पाहायला. पाढे बसमध्ये किंवा भाजी निवडताना होतात, त्यांना वेगळा वेळ लागत नाही. वीस मिनिटांत काम संपले नाही, तर वही मिटा आणि डायरीत लिहा, "एवढेच झाले, तिसऱ्या उदाहरणाला अडला." मूल रडेपर्यंत बसवून पुरे केलेल्या पानापेक्षा ही एक ओळ शिक्षकांच्या जास्त कामाची आहे.

मुलाला अडले तर उत्तर सांगू नका. "हे तू कसं केलंस, मला सांग," असे म्हणा. सांगता सांगता बऱ्याचदा मुलाला स्वतःलाच चूक सापडते. नाही सापडली तर ती तशीच राहू द्या.

गृहपाठ रोजच तासभर चालत असेल, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कुरकुर करू नका. पालक सभेत किंवा शाळा सुटल्यावर बाईंना भेटून आठवड्याचा हिशेब शांतपणे मांडा. मुलाला किती वेळ लागतो, हे घरून कळल्याशिवाय त्यांना समजणार नाही.