कॉल स्टॅकचा उलगडा : पुरावा आणि मर्यादा

‘मी येतो असे दादा म्हणाला असे वहिनीने सांगितले असे आईने कळविले.’ या वाक्यातून ‘असे वहिनीने सांगितले’ एवढे शब्द गळाले, तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहते. मात्र आईला बातमी दादाकडून मिळाली, असा खोटा अर्थ त्यातून निघतो. जी चूक स्वतःची खूण मागे ठेवीत नाही, ती सर्वांत घातक होय. संगणकाच्या ‘कॉल स्टॅक’चा उलगडा करताना हाच धोका असतो. तो डीबगर कसा टाळतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आज्ञावलीतील एक फंक्शन दुसऱ्यास पाचारण करते, दुसरे तिसऱ्यास. प्रत्येक वेळी परतीचा पत्ता व आवश्यक तेथे रजिस्टरांतील जुनी मूल्ये स्मृतीत एकावर एक ठेवली जातात. चळतीतील अशा एकेका थरास चौकट म्हणू. आज्ञावली मध्येच कोसळली, म्हणजे डीबगर सर्वांत आतल्या चौकटीपासून बाहेर जात पाचारणांची साखळी जुळवितो. या कामी तो स्मृती केवळ वाचतो, तीत बदल करीत नाही.

पूर्वापार उपाय असा की, प्रत्येक फंक्शनने आरंभी एका ठराविक रजिस्टरात आपल्या चौकटीचा पत्ता ठेवावा. परंतु फंक्शनच्या पहिल्याच आज्ञेवर आज्ञावली थांबली असेल, तर त्या रजिस्टरात अजून पाचारकाचाच पत्ता असतो. त्यावर विसंबल्यास पाचारक साखळीतून गळतो. वरच्या वाक्यातील वहिनीची जी गत, तीच त्याची! शिवाय वेग साधण्यासाठी कंपायलर पुष्कळदा हे रजिस्टर अन्य कामास लावतात.

म्हणून कंपायलर स्वतःच एक कोष्टक लिहून ठेवतो. ‘ड्वार्फ’ या संकेतप्रणालीत प्रत्येक आज्ञेच्या स्थानी चौकटीचा आधारपत्ता कसा काढावा, याचे नियम असतात. ६४-बिट इंटेल पद्धतीच्या यंत्रात फंक्शनच्या आरंभी हा पत्ता चळतीच्या टोकापासून ८ बाइट दूर असतो. एक रजिस्टर चळतीवर ठेवताच तो १६ बाइट दूर होतो, आणि आणखी ३२ बाइट जागा राखली की ४८. परतीचा पत्ता मात्र नेहमी आधारपत्त्याच्या ८ बाइट खाली सापडतो. जीसीसी हा कंपायलर अशी कोष्टके निर्माण करतो. १९५८ साली स्थापन झालेल्या पवईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने याच जीसीसीच्या अंतरंगाच्या अध्ययनासाठी एक केंद्र उभे राहिले होते. आपल्या उपनगरातील अभ्यासकांना हा विषय परका नाही, तो यामुळे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. परतीचा पत्ता पाचारणाच्या नंतरच्या आज्ञेचा असतो. पाचारण ही फंक्शनमधील शेवटचीच आज्ञा असेल, तर तो पत्ता शेजारच्या फंक्शनच्या हद्दीत पडतो आणि आळ निरपराध्यावर येतो. म्हणून डीबगर त्या पत्त्यातून १ वजा करून कोष्टक पाहतो. मात्र सिग्नलमुळे आज्ञावली मध्येच खंडित झाली असेल, तर खंडित फंक्शनचा पत्ता नेमक्या आज्ञेचाच असतो. तेथे वजाबाकी करावयाची नाही.

कोष्टक असूनही चळत बिघडलेली असू शकते. १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी आरंभिलेला जीडीबी हा डीबगर म्हणूनच प्रत्येक पावलास परीक्षा घेतो. या यंत्रांत चळत उतरत्या पत्त्यांकडे वाढते. अर्थात जुनी चौकट अधिक वरच्या पत्त्यावर असली पाहिजे. ती आतल्या बाजूस निघाली, किंवा तीच चौकट पुन्हा आली, तर चळत बिघडल्याची शंका नोंदवून जीडीबी थांबतो. सिग्नलसाठी स्वतंत्र चळत वापरलेली असू शकते, म्हणून त्या सीमेवर हा क्रमाचा नियम तो लावीत नाही. स्मृती वाचता आली नाही, तरीही तो पुढे जात नाही.

साखळी अपुरी राहिली तर संशोधकाला पुढील शोध कोठून घ्यावयाचा, हे निदान कळते. ती खोटी जुळली तर तो नको त्या फंक्शनमागे दिवस घालवितो. ऐतिहासिक भाषाशास्त्रात आपण अनुमानित रूपापुढे तारका घालतो, ती याच विवेकाने. पुरावा संपला तेथे थांबणे, आणि थांबलो हे सांगणे, हीच या उलगड्याची सुरक्षितता होय.