टॉप दिसत नाही, मोजावा लागतो

बंगळूरचं चिकपेट म्हटलं की रेशमी साड्या डोळ्यांसमोर येतात. पण तिथून पायी जाण्याच्या अंतरावर जे. सी. रोड आहे. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं लागतात आणि एस. जे. पी. रोडवर हत्यारं मिळतात. जुनी मारुती ८०० स्वतः उघडून बसलेल्या हौशी माणसाची खरेदी एवढ्याच टापूत होते. तो रिंगा, गॅस्केट, टायमिंग बेल्ट घेऊन घरी जातो आणि जोडताना अडतो, ते पहिला पिस्टन ‘टॉप’ला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला (टीडीसीला) आणताना. तोवर फुकटचे सल्लेही बरेच गोळा झालेले असतात.

त्यातला सगळ्यात लाडका सल्ला असा : प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर सोडा, तो वर यायचा थांबला की टॉप आला. जवळपास आला, एवढंच. झोका टोकाला गेल्यावर क्षणभर थबकतो, तसा पिस्टनही टॉपपाशी रेंगाळतो. मारुती ८०० चा स्ट्रोक ७२ मिमी आहे. क्रँक टॉपच्या अलीकडे किंवा पलीकडे ५ अंशांवर असेल, तर पिस्टन टॉपपासून जेमतेम ०.२ मिमी खाली असतो. एवढा फरक हाताला कळत नाही. शिवाय भोक तिरकं असेल तर स्क्रूड्रायव्हर अडकून वाकतो.

खात्रीची रीत उलटी आहे. पिस्टन जिथे रेंगाळतो तिथे न मोजता, जिथे झपाट्यानं सरकतो तिथे मोजायचं. सगळे प्लग काढून पहिल्याच्या भोकात बोथट टोकाचा ‘स्टॉप’ बसवा. तो पिस्टनला टॉपच्या आधीच अडवतो. क्रँकवर अंशांची चकती लावून पान्यानं हलकेच फिरवा. पिस्टन टेकला की आकडा लिहा. मग उलट दिशेनं फिरवून दुसरा आकडा घ्या. समजा शून्याच्या एका बाजूला ३६ आणि दुसऱ्या बाजूला ४० आले, तर खरा टॉप शून्यापासून ४० च्या बाजूला २ अंशांवर आहे. व्हॉल्व्ह जागेवर असतील तर स्टॉप त्यांच्या वाटेत येत नाही ना, हे आधी बघावं. आणि या कामात स्टार्टरला हात लावायचा नाही. पिस्टनला भोक पडेल.

टॉप एकच असतो, हा दुसरा समज. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, झाले की एक चक्र पुरं होतं आणि तेवढ्यात पिस्टन दोनदा वर येतो : एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. भोकावर बोट धरलं की हवेचा दाब कॉम्प्रेशनची फेरी ओळखून देतो, पण नेमका अंश सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मारुतीसारख्या ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात गंमत अशी, की हेड उतरवलेलं असताना ‘हा टॉप कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. क्रँकला ते ठाऊक नसतं. ते कॅम ठरवतो. हेड चढवून कॅमची खूण जुळवली आणि बेल्ट घातला, की त्या क्षणी उत्तर ठरतं. डिस्ट्रिब्युटरचा रोटर मात्र पहिल्याच्या कॉम्प्रेशनच्या टॉपला पहिल्याच सिलिंडरच्या वायरीकडे हवा. इथे एका फेऱ्याची चूक झाली तर इंजिन फटाके वाजवतं, चालू होत नाही.

चौथ्याचे व्हॉल्व्ह ‘झुलताना’ बघा, असं ॲम्बॅसेडर-पद्मिनीच्या काळातले मिस्त्री सांगतात. त्या गाड्यांपुरतं ते चोख आहे. चार सिलिंडरांत पहिला आणि चौथा बरोबरच वर येतात. एक कॉम्प्रेशनला असताना दुसऱ्याचा एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असतो. पण मारुती ८०० ला सिलिंडर तीन, फायरिंग ऑर्डर १-३-२. तिथे पहिल्याला असा जोडीदारच नाही.

क्रँकच्या पुलीवरची खूण खोटं बोलत नाही? बोलते. काही पुल्यांत आतला तुंबा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. ते सुटलं की कडी घसरते आणि खूणही तिच्याबरोबर जाते. शिवाय बेल्टच्या सगळ्या खुणा टॉपच्या नसतात. सुबारूच्या बऱ्याच इंजिनांत त्या जुळतात तेव्हा पिस्टन अर्ध्या वाटेवर असतात.

आणि ठिणगी टॉपलाच पडते, हेही खरं नाही. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी टॉपच्या काही अंश आधी पडते आणि दाबाचा जोर टॉप ओलांडल्यावर येतो. डिस्ट्रिब्युटर बरोबर शून्यावर बांधून दिलेली गाडी चालते, पण चढावर दम टाकते. तेव्हा मालक कार्बोरेटर खोलतो.