धायटी : अरिष्टाच्या बाटलीतील फूल

बेटम्याहून धारमार्गे मांडूकडे निघाले, की काळ्या मातीची सपाट शेते हळूहळू मागे पडतात आणि विंध्याचे मुरमाड उतार सुरू होतात. माघ-फाल्गुनात या उतारांवर कमरेएवढी, क्वचित पुरुषभर उंचीची झुडपे लालभडक फुलांनी लगडलेली दिसतात. हीच धायटी. आपल्या भागातील हिंदीत तिला धवई किंवा धाय म्हणतात, तर संस्कृतात धातकी, ताम्रपुष्पी आणि अग्निज्वाला. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी आणि डाळिंब ही तिची सगोत्र भावंडे. आपल्याला दिसणारा लाल रंग पाकळ्यांचा नसून नळीसारख्या पुष्पकोशाचा असतो. पाकळ्या अगदी नाममात्र. नळीच्या तळाशी मध असतो. त्यासाठी सूर्यपक्षी येतात आणि रानात फिरणारी मुलेही फूल खुडून तो चोखतात. सुकवलेली फुले गौण वनोपज म्हणून विकली जातात.

चरकसंहितेने धातकीला पुरीषसंग्रहणीय आणि संधानीय या गणांत स्थान दिले आहे. फुलांत टॅनिन भरपूर असल्यामुळे अतिसार, प्रवाहिका व रक्तस्राव यांवरील स्तंभक उपयोग सहज समजतो. गंगाधर चूर्णात ती आहेच. मात्र तिची खरी कीर्ती दुसऱ्याच ‘संधाना’ची आहे. चरकातील संधान म्हणजे तुटलेले सांधणे. अरिष्टाचे संधान म्हणजे आंबवणे.

काढ्यात गूळ व धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद करतात आणि ते सुमारे महिनाभर ठेवतात. किण्व साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. नेदरलँड्स व श्रीलंकेतील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निंबारिष्टाच्या अभ्यासात या फुलांत साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज विकर क्रियाशील असल्याचे दाखवले. जुन्या वैद्यांनी सूक्ष्मदर्शकाविना नेमके हेच फूल निवडले, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

तयार आसव-अरिष्टांत मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ५ ते १२ टक्के असते. तो बाहेरून मिसळलेला नसतो, आतच निर्माण होतो. म्हणूनच ते औषध महिनोन्‌महिने टिकते. प्रस्तुत लेखकाचा त्यास आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आपण रुग्णाला विचारीत असलेल्या प्रश्नाच्या अपुरेपणाला. “दारू घेता का?” असे विचारले, की अशोकारिष्ट घेणारी गृहिणी किंवा जेवणानंतर द्राक्षासव घेणारे आजोबा अगदी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात.

हिशेब करून पाहावा. १० टक्क्यांचे अरिष्ट ३० मिली दोन वेळा घेतले, तर दिवसाला ६ मिली शुद्ध मद्यार्क पोटात जातो. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये तो सुमारे १३ मिली असतो. निरोगी प्रौढाला ही मात्रा किरकोळ वाटेल. पण व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला एवढ्यानेही चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णाला तर मद्यार्क कोणत्याच रूपात नको. मेट्रोनिडाझोलबाबतचा जुना इशारा मात्र आता तितका पक्का राहिलेला नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने त्या काळात मद्य वर्ज्य करण्याची गरज नाही, असे म्हटले आहे.

आपल्या मराठी घरांत बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची प्रथा आहे. ती मोडा, असे सांगायला कोणाची जीभ रेटणार? परंतु अंगावर पाजणाऱ्या मातेच्या दुधात मद्यार्क उतरतो, हे तिच्या सासूबाईंना ठाऊक असेलच असे नाही. दशमुळांचा ताजा काढा हा पर्याय वैद्य सुचवू शकतात. त्यात गूळ-धायटीचे संधान नसते, त्यामुळे मद्यार्कही नसतो. बाटलीवर ‘स्वयंनिर्मित मद्यार्क’ असे शब्द व त्याची टक्केवारी छापलेली असते, पण इतक्या बारीक अक्षरांत, की ती वाचायला आजोबांना चष्मा पुसून घ्यावा लागतो.