मोरचूद आणि तळ्याचे पाणी

पारोळ्याचा भुईकोट किल्ला इ. स. १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. त्याच्याभोवती खंदक आहे. अशा साचलेल्या पाण्यावर उन्हे तापू लागली की हिरवी साय धरते. तेच शेवाळ होय. ते पाहून कोणीतरी हमखास म्हणतो, "थोडा मोरचूद टाका, आठ दिवसांत पाणी निवळेल." चुन्याच्या पाण्यात मिसळून पिकांवर फवारण्यासाठी शेतकरी मोरचूद वापरतातच, तेव्हा हा उपाय कोणास परका वाटत नाही.

तो निराधारही नाही. मोरचुदातील तांबे शेवाळाला मारक असते आणि १९०४ साली मूर व केलरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाणीपुरवठ्याच्या तलावांसाठी हाच उपाय सुचविला होता. परंतु मेलेले शेवाळ जाते कोठे? ते पाण्यातच कुजते, आणि त्याला कुजविणारे सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू झपाट्याने संपवितात. रात्री वनस्पतींकडून त्यात भर पडत नाही. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि उजाडल्यावर उलटे तरंगताना दिसतात. ते विषाने मेले असे लोक समजतात; पुष्कळदा ते गुदमरलेले असतात.

अमेरिकेतील फेअरमाँट येथील तळ्यांत ५८ वर्षे मोरचूद टाकला गेला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तळच्या गाळात तांबे साठत गेले. शेवाळ मात्र एक ते तीन आठवड्यांत पुन्हा वाढे, आणि त्यांतील काही जातींना तर तांबे सोसू लागले!

याहून भयंकर गोष्ट ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ साली घडली. तेथील पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ माजले, म्हणून मोरचूद टाकण्यात आला. थोड्याच दिवसांत १४८ माणसे आजारी पडली. त्यांत बहुतेक मुलेच होती. नीलहरित शेवाळाच्या काही जाती आपल्या पेशींत विष बाळगतात. पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरते. मग ते फडक्याने गाळले जात नाही, की उकळल्याने जात नाही. या आजाराचे कारण संशोधकांनी पुढे असेच लावले.

मुळात शेवाळाला पोसते ते सांडपाणी, शेण आणि शेतातून वाहून आलेले खत. त्यांची वाट अडविल्यावर उरलेले तंतुमय शेवाळ जाळ्याने ओढून काढता येते. मात्र ते काठावर टाकू नये, कारण पहिल्या पावसाबरोबर त्याचा कुजका अंश पुन्हा तळ्यात येतो. तळ्यापासून दूरच्या खतखड्यात त्याचे उत्तम खत होते.