आमच्या कपाटातले शेत

गेल्या उन्हाळ्यात पुस्तकांनी आमच्या घरातील पलंगही व्यापला, तेव्हा एक भिंतभर कपाट करवून घेण्याचे ठरले. मिस्त्री आले, त्यांनी भिंत मोजली, कागदावर आकडे मांडले आणि म्हणाले, "सर, प्लायचा भाव परत चढलाय. लाकूडच मिळत नाही म्हणतात."

मी मराठीचा मास्तर. प्लायवूड म्हणजे लाकडाला पर्याय, अशी माझी समजूत. पर्यायालाच मूळ वस्तूची टंचाई कशी भासावी? मिस्त्रींबरोबर दुकानात गेलो. त्यांनी एक फळी उभी करून तिची कड दाखवली. "हा पांढरा थर पॉप्लरचा, हा तांबूस निलगिरीचा."

"कुठल्या जंगलातला?"

"जंगल कसलं सर, शेतातला!"

या उत्तराचा मागोवा घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्लायवूड होते ते असे: ओंडका यंत्रावर गरगर फिरवतात आणि त्याला लांब पाते लावतात. पेन्सिलीला टोक काढताना साल निघते, तसा लाकडाचा पातळ, सलग पापुद्रा निघतो. असे पापुद्रे एकावर एक आडवे-उभे रचून, खळ लावून, तापत्या दाबयंत्रात घालतात. थरांची संख्या नेहमी विषम ठेवतात, म्हणजे फळी वाकत नाही.

एकेकाळी हे ओंडके खरोखरच जंगलातून येत. चहाच्या पेट्यांसाठी आसामात प्लायवूडचे कारखाने उभे राहिले. मार्घेरिटा-तिनसुकिया भागात होलाँगचे उंच, सरळ वृक्ष तोडून त्यांवर हा धंदा चाले. पुढे निलगिरीतील गुडलूरच्या जंगलतोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाड १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने आदेश दिला. अरुणाचलातील व त्याच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत आसामात असलेल्या साऱ्या लाकूड व प्लायवूड गिरण्या बंद! ईशान्येकडील सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास रेल्वे, रस्ता, नदी या तिन्ही वाटांनी मनाई! जंगलाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते, असे माझे मत आहे. पण ज्यांची चूल त्या गिरण्यांवर पेटत होती, त्यांच्या हातचे काम एका दिवसात गेले, हेही विसरता येत नाही.

धंदा मग हरियाणातील यमुनानगरात फोफावला, कारण तिथे लाकूड शेतात उगवत होते. त्यामागे आपल्या अंबरनाथचा एक धागा आहे. तेथे जिचा आगपेटीचा कारखाना होता, त्या विमको कंपनीने काड्यांसाठी १९८० च्या दशकात उत्तरेकडील शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपे, नाबार्डमार्फत कर्ज आणि खरेदीची हमी दिली. हे मूळचे अमेरिकेतले झाड. थंडीत त्याची पाने झडतात, त्यामुळे खाली गव्हाला ऊन मिळते. सावली दाट झाली की सांगलीकरांची लाडकी हळद लावावी. सहा-सात वर्षांत झाड तोडणीला येते आणि बाजारात चक्क क्विंटलवर विकले जाते. बारीक घेराच्या मालाला तिथे 'सोकटा' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला.

खरी मेख या सहा वर्षांतच आहे. आपल्याकडे कांद्याला भाव मिळाला की सारे कांदा लावतात, पुढच्या हंगामात तो रस्त्यावर ओततात आणि त्यापुढच्या वर्षी तो आपल्या डोळ्यांत पाणी आणतो. पॉप्लरचे तेच, पण चक्र सहा पटींनी लांब. १९९० च्या दशकात चांगला भाव पाहून लोकांनी भरमसाट झाडे लावली. नव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ती एकदमच तोडीला आली आणि भाव कोसळला. चिडलेल्या शेतकऱ्यांनी लागवड आखडती घेतली, की काही वर्षांनी कारखाने उपाशी. आणि भाव चढला म्हणून आज रोप लावले, तरी कारखान्याला ओंडका आज मिळत नाही!

त्यात भुकेली तोंडे वाढली. एमडीएफ नावाची फळी लाकडाचा भुगा करून बनते. तिला फांद्याही चालतात. शिवाय नवी यंत्रे ओंडक्याला मध्ये टोचून न धरता फिरवतात, त्यामुळे अगदी बारीक खोडही सोलता येते. सोय झाली खरी, पण तीन-चार वर्षांची कोवळी झाडे तुटू लागली, आणि उद्याचा माल आजच संपू लागला. वरच्या देखण्या थरासाठी लागणारा गर्जन ब्रह्मदेशातून येई. १ एप्रिल २०१४ पासून त्यांनी ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता तो थर बऱ्याच वेळा आफ्रिकेतील गॅबनच्या ओकुमेचा असतो.

आपल्या उसाच्या चिपाडाचीही फळी होते. पण चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरला हवे असते आणि त्यावर वीजही निघते. तिथेही वाटेकरी आहेतच.

हे सारे मी घरी रंगवून सांगितले. सौ. म्हणाली, "म्हणजे कपाट छोटं करायचं का?" कपाट ठरल्याएवढेच झाले; पुस्तकांना इलाज नव्हता. मिस्त्री कडेला पट्टी चिकटवू लागले, तेव्हा त्यांना क्षणभर थांबवून मी एका फळीचे थर मोजले. अकरा भरले.